आतला थर

नागपूरला नर्सिंगला नंबर लागला माझा
आणि पंचफुला आत्या दारव्ह्याहून आली,
दाभण, मेणाचा खडा आणि चष्मा घेऊन.
चष्म्याची एक काडी दोऱ्यानेच बांधलेली.
सपरीत तिने फाटका पलंगपोस अंथरला,
चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या, म्हणाली,
"आना आता. ज्याच्या-त्याच्या अंगावरचं आना."

बाबांनी दिला खाकी शर्ट,
जिनिंगच्या वॉचमनकीचा, खिशावर बिल्ल्याची दोन भोकं.
आईचं पातळ, काठ सोडले तर नुसती जाळी.
दादाची दहावीची पँट, आणि आजीचं लुगडं,
ते हिरवं होतं की निळं
यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

आत्या कापड ताणायची, उजेडाकडे धरायची.
"हे वर चालन. हे आत. हे पोतेऱ्याले."
बाबांची बनियन पोतेऱ्याला गेली
तेव्हा बाबा जरा हिरमुसले.

दुपारी घर पेंगलं.
शेजारी कुणीतरी पऱ्हाट्या तोडत होतं, कटकन, थांबून, कटकन.
आत्याने स्वतःच्या पिशवीतून एक शर्ट काढला.
पांढरा, निळ्या उभ्या रेघांचा,
घडीवर पिवळा पडलेला. कधीच न धुतलेला.

"कोनाचा व आत्या?"
"आत जाऊ दे त्याले."

बाह्या उसवल्या, कॉलर उसवली,
बटणं तोडून डबीत टाकली.
खिसा मात्र उसवला नाही.
उलट त्याच्या तोंडावर टाका घातला, मग दुसरा,
मग तिसरा, गरज नसताना.
वर बाबांची खाकी आली, आजीचं लुगडं आलं,
आणि धावदोरा निघाला काठाकाठाने,
आत आत वळत, बैल मळणीत फिरतो तसा.

रुपराव काका मी जन्मायच्या आधी गेला.
पौषातली पहाट, भांडण नाही, चिठ्ठी नाही,
पहिल्या एसटीत बसताना कुणी पाहिला म्हणतात.
बकऱ्यांच्या कोठ्यात त्याची सायकल उभी आहे,
मागच्या चाकाला कुलूप.
आजी रोज सीट पुसायची,
आल्या-गेल्याला सांगायची,
"चाबी घिऊन गेला ना थो. चाबी नेली म्हंजे मानूस येते."
बाबांनी एकदा कुलूप तोडायला हातोडी उचलली
तर आजी दोन दिवस जेवली नाही.
शेवटच्या आजारातही तिने विचारलं होतं,
टायरमधी हवा हाये का.

डिसेंबर. होस्टेल. एका खोलीत आठ जणी,
खिडकीच्या एका काचेच्या जागी पुठ्ठा.
नाइट ड्युटीहून आले, वाकळ ओढली,
आणि पायाला काहीतरी कडक लागलं.
लुगड्यावरून चाचपलं.
गोल डोकं. डोक्यात भोक. आखूड दांडी. दोन दात.

थंडी वाजायची थांबली माझी,
किंवा तिच्याकडे लक्ष राहिलं नाही.

म्हणजे आत्याला माहीत होतं.
खुंटीवरचा शर्ट तिने काढला,
चाचपला, आणि कुणाला दिसायच्या आत
पिशवीत घालून सासरी नेला.
वीस वर्षं पेटीच्या तळाशी.
धुतला नाही, धुतला असता तर
खिसा रिकामा करावा लागला असता.
माय गेल्यावरही लगेच नाही काढला.
आणखी तीन वर्षं थांबली.

रविवारी फोन आला तिचा.
"वाकय पुरते का व?"
"पुरते."
"टोचत तं नाई काई?"

मागे तिच्या बकऱ्या ओरडत होत्या.
तिकडेही कुणी काही बोललं नाही, इकडेही.

"नाही, आत्या."
"मंग झोप," ती म्हणाली. "दिवे मालव आन झोप."

मी दिवा मालवला.
अंधारात वाकळ फिरवून घेतली,
पायाकडची बाजू
उशाशी केली.